अंगठ्याची साक्ष

इतिहासाच्या तासाला १८५८ साल आलं की आम्ही शिक्षक फळ्यावर एकच गोष्ट लिहायचो. १ नोव्हेंबर १८५८, राणीचा जाहीरनामा. कंपनीचं राज्य संपलं, राणीचं सुरू झालं. मुलांनी ते पाठ करायचं, पेपरात लिहायचं आणि दोन गुण मिळवायचे. बत्तीस वर्षं मीही हेच केलं. पण त्याच वर्षी, जाहीरनाम्याच्या तीन महिने आधी, बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जंगीपूर गावी एक छोटीशी गोष्ट घडली होती. तिच्याबद्दल आमच्या पाठ्यपुस्तकात एक ओळही नव्हती. ती माझ्या वाचनात आली निवृत्तीनंतर, आणि मग एकातून दुसरं सापडत गेलं. तेच आज सांगते. विषय पोलीस, कोर्ट, रक्त, खून असा आहे, पण घाबरू नका. बरंचसं जुनं आहे आणि मधे थोडं गणितही आहे.

जंगीपूरला विल्यम जेम्स हर्शेल नावाचा पंचवीस वर्षांचा इंग्रज अधिकारी होता. ज्या विल्यम हर्शेलने १७८१ साली युरेनस ग्रह शोधला त्याचा हा नातू. आजोबांनी आकाश पाहिलं, नातवाने माणसाचा तळहात पाहिला. जुलै १८५८ मध्ये त्याने राज्यधर कोनाई या स्थानिक माणसाशी रस्त्यावर टाकायच्या खडीचा करार केला. त्या काळी सह्या करून मागाहून "ही सही माझी नाहीच" असं म्हणून कानांवर हात ठेवणारे पुष्कळ. हर्शेलला वाटलं, याला जरा दरारा बसावा. त्याने कचेरीच्या शिक्क्याची शाई कोनाईच्या हाताला फासली आणि कराराच्या पाठीमागे त्याचा अख्खा पंजा उमटवून घेतला. एवढंच.

त्यामागे शास्त्र वगैरे काही नव्हतं. पण हर्शेलला त्या रेषांचा नाद लागला. मित्रांचे, सहकाऱ्यांचे, स्वतःचे ठसे तो जमवू लागला. पुढे नदिया जिल्ह्यात बदली झाली तेव्हा निळीच्या शेतकऱ्यांचे दंगे चालू होते आणि खोट्या करारांचा सुळसुळाट होता. तिथे त्याला या ठशांचा उपयोग आणखी पटला. मुख्य म्हणजे वर्षं उलटली तरी रेषा बदलत नाहीत, हे त्याने स्वतःच्याच बोटांवर पाहिलं. १८५९ मध्ये घेतलेला स्वतःचा ठसा आणि १९१६ मध्ये म्हातारपणी घेतलेला ठसा त्याने शेजारी शेजारी ठेवला. मधे सत्तावन्न वर्षं. रेषा त्याच.

१८७७ साली हुगळीला असताना हर्शेलने ठशांचा पहिला पद्धतशीर वापर सुरू केला. तो कुणासाठी होता, ओळखा पाहू? दस्तऐवज नोंदवणारे, तुरुंगातले कैदी आणि पेन्शनर! पेन्शनर वारला तरी दुसराच कुणी येऊन पैसे उचलून जायचा, त्याला आळा घालायला. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी यंत्रावर बोट ठेवणाऱ्या आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांचा मूळपुरुष तो हुगळीचा पेन्शनर आहे. फरक इतकाच की वय झालं की कातडी झिजते आणि यंत्राला आमची बोटं पटत नाहीत. मागे एकदा माझी आठ बोटं नापास झाली, नववं पास झालं. मी जिवंत समोर उभी, पण माझ्या जिवंत असण्याला पुरावा लागतो! या "समोर दिसणं" आणि "पुराव्याने ठरणं" यांतल्या अंतराबद्दलच आजचा लेख आहे.

हर्शेलचा हेतू माणूस ओळखण्यापुरता होता. गुन्ह्याच्या जागी पडलेल्या ठशावरून गुन्हेगार शोधता येईल, हे छापून मांडलं ते हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टरने. तो जपानात तोक्योला मिशनच्या रुग्णालयात होता. १८८० मध्ये 'नेचर' साप्ताहिकात त्याचं पत्र आलं. पाठोपाठ हर्शेलचंही आलं आणि "आधी कोण" हा वाद दोघांच्या म्हातारपणापर्यंत चालला. १८९२ साली डार्विनचा नात्यातला भाऊ फ्रान्सिस गाल्टन याने ठशांवर पुस्तक लिहिलं. दोन माणसांचे ठसे सारखे निघण्याची शक्यता त्याने ६४ अब्जांत एक अशी मांडली. त्याच वर्षी अर्जेंटिनात नेकोचेआ गावी दोन लहान मुलांचा खून झाला. आईने शेजारच्या माणसावर आळ घेतला. दारावर रक्ताने माखलेल्या अंगठ्याचा ठसा होता, तो खुद्द आईचाच निघाला आणि तिने गुन्हा कबूल केला. ठशावरून उलगडलेला तो पहिला खून मानतात.

आता खरी अडचण. एक ठसा एका ठशाशी ताडून पाहणं सोपं. पण कचेरीत हजारो कैद्यांचे ठसे साठले आणि समोर एक नवा माणूस उभा राहिला, तर त्याचा जुना कागद शोधायचा कसा? नाव तर तो खोटंच सांगणार. शब्दकोशात शब्द अक्षरांच्या क्रमाने लावतात. बोटांना अक्षरं कुठून आणायची?

हे कोडं सुटलं कलकत्त्यात. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली दोन तरुण होते. काझी अझीझुल हक हे खुलना जिल्ह्यातले, प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले, गणितात हुशार. दुसरे हेमचंद्र बोस. हक यांनी जी युक्ती काढली ती मला फार आवडते, कारण तिची सुरुवात आपल्या आजीच्या मांडीवर होते. बाळ जन्मलं की आजी त्याची बोटं उलगडून "चक्रं किती, शंख किती" हे बघायची ना? चक्र म्हणजे गोल फिरणाऱ्या रेषा, शंख म्हणजे वळून माघारी जाणाऱ्या. आजी त्यावरून भाग्य सांगायची, हकसाहेबांनी त्यावरून कपाटाचा खण काढला.

गणित असं. दहा बोटांच्या पाच जोड्या करा. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र असेल तर १६ गुण, दुसऱ्या जोडीत ८, तिसरीत ४, चौथीत २, पाचवीत १. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या एका बोटाचे गुण वर मांडायचे, दुसऱ्याचे खाली, आणि दोन्ही बेरजांत एकेक मिळवायचा. एकही चक्र नसेल तर १/१, दहाच्या दहा असतील तर ३२/३२. म्हणजे ३२ गुणिले ३२, एकूण १०२४ खण. नवीन माणसाची चक्रं मोजा, अपूर्णांक काढा, सरळ त्या खणापाशी जा आणि तिथल्या मोजक्या कागदांत शोधा. बोस यांनी त्या खणांचे आणखी पोटभाग पाडले आणि ठशाचं वर्णन तारेने पाठवता येईल अशी सांकेतिक भाषा बसवली. १२ जून १८९७ रोजी सरकारने ही पद्धत मंजूर केली आणि कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये ठशांची कचेरी उभी राहिली. जगातल्या अगदी पहिल्या कचेऱ्यांपैकी ती एक. लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये अशी कचेरी आली ती १९०१ साली, आणि तीही हेन्रीसाहेब कलकत्त्याची विद्या घेऊन तिकडे गेले तेव्हा.

जगभर ती पद्धत "हेन्री पद्धत" म्हणून ओळखली जाते. हक आणि बोस यांना पुढे खानबहादूर, रायबहादूर असे किताब मिळाले, मानधनही मिळालं, आणि हेन्री यांनी उतारवयात त्या दोघांचं श्रेय मान्य केलं. पण पद्धतीला साहेबाचं नाव चिकटलं ते चिकटलंच. ज्यांनी "हा ठसा कुणाचा" हे जगाला शिकवलं, त्यांच्या स्वतःच्या कामावर दुसऱ्याचा ठसा राहिला.

आता ज्या खटल्यासाठी हा सगळा प्रपंच मांडला त्याकडे येते.

ऑगस्ट १८९८. बंगालच्या उत्तरेला, भूतानच्या सरहद्दीजवळ, जलपाईगुडी जिल्ह्यातला एक चहाचा मळा. मळ्याचा गोरा व्यवस्थापक बिछान्यात मरून पडलेला सापडला. गळा चिरलेला. कागदपत्रांची पेटी आणि तिजोरी उघडी, पैसे गायब. संशय कुणावर घ्यायचा? यादी मोठी होती. मळ्यावरचे मजूर, कारण साहेब कामाला कडक. ज्या बाईशी त्याचे संबंध होते तिचे नातेवाईक. जवळपास उतरलेली काबुली लोकांची टोळी. आणि स्वयंपाकी, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. तो सांगत होता, साहेबाच्या जेवणासाठी कबूतर मारलं त्याचं हे रक्त. शिवाय कांगालीचरण नावाचा एक जुना नोकर होता. साहेबानेच त्याला चोरीबद्दल तुरुंगात पाठवलं होतं. पण तो सुटून गेला होता आणि आसपास कुणाला दिसलाही नव्हता.

पोलिसांना त्या पेटीत एक बंगाली पंचांग सापडलं. फिकट निळ्या वेष्टनाचं. त्यावर दोन पुसट तपकिरी डाग होते. एक नुसताच फराटा, दुसऱ्यात मात्र रेषा दिसत होत्या. ते पंचांग कलकत्त्याला गेलं. कांगालीचरणला पूर्वी शिक्षा झालेली असल्यामुळे त्याच्या दहा बोटांचा कागद तिथे खणात होताच. पंचांगावरचा ठसा त्याच्या उजव्या अंगठ्याचा निघाला. तो शेकडो मैलांवर बीरभूम जिल्ह्यात सापडला. सरकारी रासायनिक तपासनिसाने सांगितलं की डाग रक्ताचे आहेत, सस्तन प्राण्याच्या रक्ताचे.

"माणसाच्या" असं त्याने का सांगितलं नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. पक्ष्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लांबट असतात आणि त्यांत केंद्रक असतं, सस्तन प्राण्यांच्या बहुतेक गोल आणि केंद्रक नसलेल्या. हा भेद सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. पण रक्त माणसाचं की बकरीचं, हे वाळलेल्या डागावरून खात्रीने सांगण्याची कसोटी उलेनहुट या जर्मन शास्त्रज्ञाने दिली ती १९०१ साली. त्याच सुमाराला लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले. म्हणजे १८९८ चा तपासनीस जितकं ठाऊक होतं तितकंच बोलला. त्या अनामिक तपासनिसाबद्दल मला आदर वाटतो. गोऱ्या साहेबाचा खून झालाय, वातावरण तापलंय, "माणसाचंच असणार हो" असं म्हणायला किती सोपं होतं! तो म्हणाला नाही.

खटला उभा राहिला. न्यायाधीशाच्या मदतीला असेसर, म्हणजे सल्ला देणारे पंच बसले होते. त्यांच्यासमोर हा नव्या तऱ्हेचा पुरावा आला. तेव्हाच्या पुरावा कायद्यात ठशांच्या तज्ज्ञाचा उल्लेखसुद्धा नव्हता, ती दुरुस्ती १८९९ मध्ये झाली. तरी त्यांनी ठसा मानला. हा अंगठा कांगालीचरणचाच, तो चोरीसाठी घरात शिरला, हे त्यांना पटलं. पण खून? खून करताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. नुसत्या या पुराव्यावर त्याला खुनी ठरवणं त्यांना धोक्याचं वाटलं. घरात शिरून चोरी केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, खुनाच्या आरोपातून तो सुटला.

हे मी घरात सांगितलं तेव्हा आमचा नातू उसळून म्हणाला, "आजी, हा काय न्याय झाला? रक्ताचा ठसा होता ना!" सीआयडी मालिका बघून वाढलेली पिढी ही. प्रयोगशाळेत रिपोर्ट आला, दया दार तोडतो, गुन्हेगार सापडतो, संपलं. तेव्हा मी त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं आणि म्हटलं, तो ठसा नेमकं काय सांगतो ते एकेक ओळीने लिही. त्याने लिहिलं, कांगालीचरणचा अंगठा त्या पंचांगाला लागला. बरोबर. लागला तेव्हा अंगठ्याला कुठल्यातरी सस्तन प्राण्याचं रक्त होतं. बरोबर. पुढे? पुढे त्याने "म्हणून त्याने खून केला" असं लिहिलं आणि स्वतःच थांबला. कारण मधली पायरी नव्हती. दुसऱ्या कुणी मारलं आणि हा नंतर येऊन पैसे घेऊन गेला, असं होणं शक्य आहे का? बरोबर आणखी कुणी होतं का? शक्यता कमी असेल, पण ठसा ती खोडून काढत नाही.

गुन्ह्यांचं विज्ञान आणि गुन्ह्यांचा कायदा या दोन गोष्टींची वेस इथे आहे. विज्ञान सांगतं, हा ठसा कुणाचा, हे रक्त कशाचं, ही गोळी कुठल्या बंदुकीची. फ्रान्समध्ये लिआँ शहरात १९१० साली एडमाँ लोकार यांनी पोलिसांची प्रयोगशाळा काढली. त्यांचा सिद्धांत असा की माणूस जिथे जातो तिथे काहीतरी मागे ठेवतो आणि तिथलं काहीतरी बरोबर नेतो. धूळ, केस, धागा. म्हणजे विज्ञान स्पर्शाबद्दल बोलतं. कायदा विचारतो ते कृत्याबद्दल आणि त्याच्याही पुढे हेतूबद्दल. स्पर्शापासून कृत्यापर्यंत जायला पूल लागतो, आणि तो बांधायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची असते. आरोपीने आपलं निरपराधीपण सिद्ध करायचं नसतं.

आपला पुरावा कायदा १८७२ चा. त्याच्या सुरुवातीलाच एक सुंदर भेद केलेला होता. एखादी गोष्ट शाबीत झाली, ती खोटी ठरली, आणि ती शाबीत झाली नाही, अशा तीन वेगळ्या अवस्था. आपण रोजच्या बोलण्यात दोनच धरतो, खरं किंवा खोटं. तिसरा कप्पा आपल्याकडे नसतोच. कांगालीचरणवरचा खुनाचा आरोप त्या तिसऱ्या कप्प्यात पडला. त्याने खून केला नाही असं कोर्ट म्हणालं नाही. शाबीत झाला नाही एवढंच म्हणालं. त्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, पण हे तीन कप्पे तसेच आहेत. तज्ज्ञ जे सांगतो ते कायद्याच्या भाषेत आजही "मत" असतं. निकाल न्यायाधीशाचा.

कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नसेल तर शिक्षा होऊच शकत नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. आसपासच्या गोष्टींवरून, म्हणजे परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही गुन्हा शाबीत होतो. फक्त साखळी पुरी लागते. आपल्या पुण्यातल्या सारडा खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या आणि त्यांना "पंचशील" असा शब्द वापरला. थोडक्यात अर्थ असा की प्रत्येक दुवा पक्का हवा, सगळे दुवे मिळून आरोपीच्या अपराधाकडेच बोट दाखवत असावेत, आणि तो निर्दोष असण्याची कुठलीही वाजवी शक्यता उरता कामा नये. त्या खटल्यात खालच्या कोर्टांनी फाशी सुनावलेला आरोपी सुटला. देशभरच्या कोर्टांत आजही त्या निकालाचा दाखला देतात.

शंभर अपराधी सुटले तरी चालतील पण एका निरपराध्याला शिक्षा होऊ नये, हे वाक्य आपण सगळ्यांनी भाषणात ऐकलंय. अठराव्या शतकातल्या ब्लॅकस्टन या इंग्रज पंडिताने आकडा दहाच सांगितला होता. पुढे तो वाढत शंभरावर गेला! आकडा सोडा, पण या तत्त्वाला किंमत मोजावी लागते हे लपवू नये. जलपाईगुडीला एक माणूस मारला गेला होता आणि त्याच्या खुनाबद्दल कुणालाच शिक्षा झाली नाही. त्याच्या घरच्यांना हा न्याय वाटला नसणार. नातवाच्या रागात तथ्य होतं, ते मी नाकारलं नाही.

तरीही मला तो खटला मोठा वाटतो, आणि त्याचं कारण कांगालीचरण नाही. कारण तो स्वयंपाकी आहे. विचार करा, पंचांगावर तो अंगठा नसता तर काय झालं असतं? कपड्यांवर रक्त असलेला, घरात वावरणारा, गरीब माणूस. "कबुतराचं रक्त" ही त्याची कैफियत कुणाला पटली असती? किंवा ते मजूर, किंवा ते काबुली. ठशाने एकाला पकडलं हे सगळे सांगतात. त्याने किती जणांना सोडवलं हे कुणी मोजत नाही.

पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनी इंग्लंडमध्ये हेच पुन्हा घडलं. लेस्टर शहराजवळ १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींवर अत्याचार करून त्यांचे खून झाले. पोलिसांनी सतरा वर्षांच्या एका मुलाला धरलं आणि त्याने दुसरा खून कबूलही केला. लेस्टरच्याच विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी नुकतीच डीएनए ओळखण्याची पद्धत शोधली होती. त्यांनी तपासलं, तेव्हा दोन्ही खून एकाच माणसाचे निघाले आणि तो माणूस हा मुलगा नव्हता. मग आसपासच्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले. खऱ्या गुन्हेगाराने आपल्या जागी मित्राला पाठवलं होतं, ते उघडकीला येऊन १९८७ मध्ये तो सापडला आणि पुढच्या वर्षी त्याला जन्मठेप झाली. म्हणजे डीएनएने गुन्ह्याच्या तपासात सगळ्यात आधी केलेलं काम कोणतं, तर कबुली देऊन बसलेल्या निरपराध पोराला सोडवणं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपला कायदा पुरावा म्हणून का धरत नाही, हे अशा गोष्टींवरून कळतं.

आता याची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर इतिहास अर्धा राहील.

जी विद्या स्वयंपाक्याला सोडवते, तीच अख्ख्या जमातीला बांधूनही ठेवू शकते. १८७१ साली इंग्रजांनी "गुन्हेगार जमातीं"चा कायदा केला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह देशभर लागू होऊ शकला आणि नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याची मुभा त्यात आली. पारधी, कैकाडी, कंजारभाट. गुन्हा घडायच्या आधीच ठसे. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती, जुने लोक तिला अजून "सेटलमेंट"च म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि या जमाती विमुक्त झाल्या. कागदावर.

मी नोकरीला लागले ते १९७६ साली, एका तालुक्याच्या गावी. माझ्या वर्गात पालावरचा एक मुलगा होता. अक्षर मोत्यासारखं. तो मधेच दोन-तीन दिवस यायचा नाही. कारण विचारलं तर मान खाली. मग एका सहकारी शिक्षकांनी सांगितलं, तालुक्यात कुठेही चोरी झाली की याच्या बापाला उचलतात आणि पोराला धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहावं लागतं. त्या वर्षीचं हजेरीपत्रक काढून पाहिलं असतं तर तालुक्यातल्या चोऱ्यांच्या तारखा त्यात सापडल्या असत्या. बापावर एकदाही काही शाबीत झालं नाही, कारण कोर्टापर्यंत गोष्ट गेलीच नाही. सातवीनंतर मुलगा शाळेत दिसला नाही. पाल उठून गेलं होतं.

त्या बापाला जलपाईगुडीचा स्वयंपाकी भेटलाच नाही म्हणा ना. कुणी कुलपावरचा, कपाटावरचा ठसा शोधला असता तर तो पहिल्याच दिवशी सुटला असता. पण ज्याच्याबद्दल आधीच ठरलंय त्याच्यासाठी पुरावा शोधायचे कष्ट कोण घेतो?

आणि आधी ठरवून शोधलेला पुरावा तरी किती भरवशाचा? मार्च २००४ मध्ये स्पेनच्या माद्रिद शहरात रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. तिथे सापडलेल्या एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगॉन राज्यातल्या एका वकिलाचा असल्याचं खात्रीने सांगितलं. त्याला अटक झाली. स्पेनचे पोलीस सांगत होते की हा ठसा जुळत नाही. शेवटी तो एका अल्जीरियन माणसाचा निघाला आणि वकिलाला सोडून माफी मागावी लागली. तो वकील धर्मांतर करून मुसलमान झालेला होता. शंका येऊनही तपासनिसांनी फेरतपासणी लांबवली, त्याला हेही एक कारण झालं, असं नंतरच्या सरकारी चौकशीत नमूद झालं. बोटांच्या रेषा खोट्या नव्हत्या. त्या ताडून पाहणारे डोळे माणसाचे होते.

२०२४ च्या नव्या फौजदारी कायद्यांत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत जागेवर विज्ञानतज्ज्ञाने जाणं सक्तीचं केलं आहे, फक्त त्याच्या तयारीला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. २०२२ च्या कायद्याने ठशांबरोबर डोळ्यांची बुबुळंही नोंदवता येतात आणि त्या नोंदी पंचाहत्तर वर्षं ठेवता येतात. पहिली गोष्ट वाचून मला बरं वाटलं, दुसरी वाचून त्या पालावरच्या मुलाची आठवण झाली. दोन्ही विद्या एकाच कपाटातल्या आहेत. कुठला खण कशासाठी उघडायचा हे अजून माणसंच ठरवतात.

नातवाने तो कागद माझ्या वहीत ठेवून दिलाय. त्याच्या दोन ओळी, आणि तिसरी खोडलेली. आता एखादी बातमी आली आणि घरात कुणी "त्यानेच केलं असणार" म्हणालं की तो मला विचारतो, "आजी, हे कुठल्या कप्प्यात?" बहुतेक वेळा उत्तर तिसऱ्या कप्प्यातच असतं.

असो. लेख फार लांबला. पुढच्या वेळी छोटं काहीतरी लिहीन. तुमच्या बोटांवर चक्रं किती आहेत ते मोजून अपूर्णांक जरूर कळवा. माझा १/१ आहे, एकही चक्र नाही. आजी म्हणायची, या मुलीच्या नशिबात राजयोग नाही. पेन्शन मात्र आहे!